प्रॉक्झिमा बी या ग्रहाकडे यान पाठवण्यावर आज खर्च करावा का?

मूळ मत

सूर्याला सर्वांत जवळ असलेल्या प्रॉक्झिमा सेंटॉरी या ताऱ्याभोवती एक ग्रह फिरतो, हे २०१६ साली जाहीर झाले आणि लगेच तिथे जाण्याच्या गप्पा सुरू झाल्या. माझ्या मते त्या अवेळी आहेत. अंतर ४.२४ प्रकाशवर्षांचे आहे. सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जाणारे व्हॉयेजर १ त्या दिशेने निघाले असते, तरी त्याला सुमारे ७५ हजार वर्षे लागली असती. शिवाय हा ग्रह आपण प्रत्यक्ष पाहिलेलाच नाही. तो आपल्या ताऱ्याला सेकंदाला जेमतेम दीड मीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याच्या वेगाने, मागेपुढे डोलवतो, एवढेच ताऱ्याच्या वर्णपटातील रेषांच्या सरकण्यावरून समजले. त्यातून ग्रहाचे किमान वस्तुमान निघते. त्रिज्या किंवा वातावरण कळत नाही. तेव्हा पैसा दुर्बिणींवर खर्च व्हावा.

प्रतिसाद : असहमत

व्हॉयेजरचा दाखला इथे गैरलागू आहे. ते यान १९७७ साली गुरू आणि शनी यांच्या अभ्यासासाठी सोडले होते, ताऱ्यांकडे जाण्यासाठी नव्हे. ब्रेकथ्रू स्टारशॉट या २०१६ मध्येच मांडलेल्या योजनेत काही ग्रॅम वजनाच्या यानाला पातळ शीड लावून, त्यावर जमिनीवरून लेझरचा झोत टाकून, प्रकाशाच्या एक पंचमांश वेग देण्याचा विचार आहे. म्हणजे प्रवास एकवीस-बावीस वर्षांचा. माणसे पाठवा असे मी म्हणतच नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

हा वेग सेकंदाला ६० हजार किलोमीटर होतो, आणि यानाला थांबण्याची सोय नाही. पृथ्वी ते चंद्र एवढा टापू ते साडेसहा सेकंदांत ओलांडेल. तेवढ्यात घेतलेली छायाचित्रे चार प्रकाशवर्षांवरून इकडे पाठवायला काही ग्रॅमांत कोणता प्रक्षेपक बसवणार? शंभर गिगावॅटच्या लेझरचा प्रश्न तर मी अजून काढलेलाही नाही.

प्रतिसाद : दोघांशीही असहमत

दुर्बीण की प्रवास, ही विभागणीच मला पटत नाही. दूरच्या ग्रहाचा प्रकाश सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाने वाकून सूर्यापासून पृथ्वीच्या अंतराच्या ५५० पट व त्याहून अधिक दूर एकवटतो. तिथे दुर्बीण नेली, तर ग्रहाच्या पृष्ठभागाचे ढोबळ चित्र मिळवणे तत्त्वतः शक्य आहे. मात्र व्हॉयेजर १ जवळपास पाच दशकांत त्या अंतराच्या एक तृतीयांशही गेलेले नाही. चांगली दुर्बीण हवी असेल, तरी आधी वेगवान यान लागणारच. शिडाच्या संशोधनाला पैसा देण्याचे खरे कारण हे आहे.

मूळ लेखकाचे उत्तर

हा मुद्दा मला मान्य आहे, पण त्यात एक अडचण आहे. तिथे नेलेली दुर्बीण व्यवहारात एकाच ग्रहमालेकडे पाहू शकते, कारण दुसरा तारा पाहायचा तर सूर्याच्या दुसऱ्या बाजूला जावे लागेल. म्हणून ग्रह आधी निवडावा लागतो, आणि ती निवड सोपी नाही. ट्रॅपिस्ट-१ या लाल बटू, म्हणजे लहान आणि तुलनेने थंड, ताऱ्याभोवतीच्या सात ग्रहांचे केवढे कौतुक झाले होते, पण जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये त्यांपैकी सर्वांत आतला ग्रह तपासला, तेव्हा त्याच्याभोवती दाट वातावरणाची खूण आढळली नाही. प्रॉक्झिमाही तसाच लाल बटू तारा आहे आणि त्यावर वारंवार प्रचंड ज्वाला उसळतात. त्याच्या ग्रहाची हवा टिकली आहे की नाही, एवढे कळेपर्यंत मी यानासाठी पैसा मागणार नाही.