चौघं उरले असताना घाई नको

आपल्या ऑनलाईन माफियाच्या खेळात लपलेला माफिया रोज रात्री एका गाववाल्याला (म्हणजे साध्या खेळाडूला) उचलतो, आणि दिवसा सगळे मतं देऊन संशयिताला बाहेर काढतात. "जो गप्प तोच माफिया, आजच काढा" हे वर दोघांनी लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. आमच्या देवगडात पाऊस लागला की लाईट जाते, मागोमाग रेंजही. गेल्या डावात गप्प झालेला गाववाला गच्चीवर मोबाईल उंच धरून उभा होता, आणि इकडे त्याला काढून सगळे मोकळे!

माझं मत आज कोणालाच नाही. चौघं उरलेत, त्यात माफिया एक, रात्री वाचवणारा डॉक्टर केव्हाच गेलाय. आज चुकीचा माणूस काढला तर रात्री आणखी एक जाणार, एकास एक उरणार, म्हणजे माफिया जिंकला, डाव खलास. चिठ्ठ्या टाकून काढलं तर माफिया सापडायची शक्यता 4 त 1. थांबलो तर उद्या तिघांत 3 त 1. शिवाय रात्री त्याने कोणाला उचललं, यावरून त्याला कोणाची भीती होती तेही कळेल.