महागडी वाइन: जास्तीचे पैसे बाटलीत जातात की लेबलावर?

धागाकर्ता (दादर)
सातशेची नाशिकची शिराझ (लाल वाइन) आणि पाच हजारांची फ्रेंच बाटली. वरचे चार हजार तीनशे कशाचे? माझं मत: घरी पिणाऱ्याने हजाराच्या वर जाऊच नये. २००८ साली अमेरिकेतल्या सहा हजारांहून जास्त चाचण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. किंमत झाकून वाइन दिली, तर सामान्य पिणाऱ्यांना महाग वाइन किंचित कमीच आवडली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात एकच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून पाजली. ९० ऐकल्यावर ती जास्त आवडली, मेंदूतला सुखाची नोंद करणारा भागही जास्त चेतला. म्हणजे आपण आकडा पितो.

द्राक्षबाग
पहिल्या अभ्यासातलं अर्धंच सांगितलंत. वाइनचं शिक्षण घेतलेल्यांमध्ये कल उलटा निघाला होता, त्यांना महाग वाइन थोडी जास्त आवडली. फरक असतो, तो ओळखायला सराव लागतो.

आता पैसे कुठे जातात ते बघा. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात. स्वस्त वाइनच्या बागेत वेलीवर भरपूर घड ठेवतात. चांगल्या वाइनसाठी ऑक्टोबर छाटणीनंतर घड विरळतात, एकरी उतारा निम्म्यावर येतो आणि किलोचा खर्च तिथेच दुप्पट होतो. मग बॅरल, म्हणजे वाइन मुरवायचं लाकडी पिंप. फ्रेंच ओकचं बॅरल २२५ लिटरचं, त्यात ३०० बाटल्या. नवं बॅरल आठशे युरोंना धरलं, तर बाटलीमागे अडीच युरोंहून थोडं जास्त, म्हणजे अडीचशे रुपयांच्या घरात. शिवाय वर्षभर पैसा अडकून पडतो आणि उडून गेलेली वाइन सारखी वरून भरावी लागते. स्वस्तात हेच काम ओकचे तुकडे टाकीत सोडून उरकतात. नाकाला व्हॅनिला लगेच येतो, पण घोट गिळला की वाइनची चव जिभेवर राहत नाही, नुसता लाकडाचा कडवटपणा मागे उरतो. हा फरक कुणालाही दाखवता येतो.

फोर्टची हिशेबनीस
द्राक्षबाग, तुमचा हिशेब नाशिकपुरता बरोबर आहे. आयात बाटलीला तो लावू नका. आयात वाइनवर जकात वर्षानुवर्षे १५० टक्के राहिली आहे. काही देशांना करारामुळे सूट मिळते. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला, त्यात ५ डॉलरच्या वरच्या बाटलीला सुरुवातीला १०० टक्के आणि १५ डॉलरच्या वरच्या बाटलीला ७५ टक्के दर आला, आणि तो पुढे टप्प्याटप्प्याने उतरतो. पूर्ण दराने बंदरावर ४०० रुपयांना उतरलेली बाटली जकातीनंतरच हजाराची होते. त्यावर राज्याचे कर, आयातदार, दुकानदार. दुकानात तुम्ही दोन-अडीच हजार देता आणि आत चारशेचीच वाइन असते. हॉटेलात त्यावर आणखी दुप्पट-तिप्पट. त्याच पैशात नाशिक किंवा अकलूजची सगळ्यात वरची बाटली घेतली, तर बाग आणि बॅरल यांवरचा खर्च खरोखर तुमच्या ग्लासात येतो.

वांद्र्याचं तळघर
सगळे किमतीवर बोलताहेत, मुंबईतली उष्णता कुणी धरतच नाही. तीन हजारांची बाटली दोन महिने ३२ अंशांत उभी राहिली, तर ती पाचशेच्या बाटलीपेक्षा वाईट लागते. फळाचा वास जाऊन शिजवलेल्या मनुकांसारखा वास येतो. घेण्याआधी दुकानातच तपासा:

- बूच बाटलीच्या तोंडापेक्षा वर आलंय का, वाइन मानेत नेहमीपेक्षा खाली आहे का.
- तोंडावरचं वेष्टण चिमटीत धरून फिरवा. ते अजिबात हलत नसेल, तर बहुधा आतून वाइन झिरपून वाळली आहे. चिकट ओघळ दिसला तर घेऊच नका.
- एसी रात्री बंद होणाऱ्या दुकानातली, दिव्याखालची बाटली नको.

घरी वाइन-फ्रिज नसेल, तर महिन्याभरात संपेल एवढीच घ्या. आणि लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ हे युरोपातल्या खोलीचं गणित आहे, १६ ते १८ अंशांचं. आपल्याकडे बादलीत बर्फ आणि पाणी अर्धं-अर्धं, बाटली मानेपर्यंत बुडवून दहा-बारा मिनिटं. ३० अंशांची लाल वाइन कितीही महाग असली तरी नुसता अल्कोहोलचाच वास देते.

पार्ल्याची सुगरण
जेवणही बघा की. तिखट मालवणी रश्श्याबरोबर बॅरलमधली तुरट लाल वाइन दिली, की तिखट आणखी झोंबतं आणि तुरटपणा कडू लागतो. महागडी बाटली तिथे वाया जाते. बोंबील किंवा सुरमई फ्रायबरोबर सातशे-आठशेची थंड पांढरी वाइन, शेनिन किंवा सॉव्हिन्यों ब्लॉ, पुरते. फक्त ताजी बघून घ्या. नाशिकचा हंगाम जानेवारी ते मार्च, म्हणून लेबलवरचं वर्ष चालू किंवा मागचं असावं. तीन-चार वर्षं पडून राहिलेली स्वस्त पांढरी पिवळट, निर्जीव लागते.

द्राक्षबाग
@पार्ल्याची सुगरण, पांढऱ्याबद्दल पूर्ण सहमत. पण स्पार्कलिंगमध्ये, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनमध्ये, काटकसर करू नका. पारंपरिक पद्धतीत दुसरं आंबवणं बाटलीतच होतं. लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालतात, त्यातून बाहेरच्या हवेच्या सुमारे सहापट दाब तयार होतो. शॅम्पेनला किमान १५ महिने ठेवणं बंधनकारक आहे. नुसता वायू भरलेल्या स्वस्त बाटलीतले बुडबुडे मोठे येतात आणि ग्लासात लवकर मरतात.

धागाकर्ता (दादर)
यातलं किती झाकून ओळखता येतं, हाच माझा प्रश्न आहे.

वांद्र्याचं तळघर
मग घरीच करून बघा. दोन्ही वाइन एकाच तापमानाच्या, दोन सारख्या जगमध्ये ओतलेल्या, कारण बाटलीचं वजन आणि बूच चुगली करतात. एकसारखे तीन ग्लास, प्रत्येकात ५० मिलि. दोन ग्लासांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी. ओतणारा वेगळा, आणि त्याने खोलीत थांबायचं नाही. वेगळा ग्लास ओळखायचा. असे सहा डाव करा. अंदाजाने किमान चार बरोबर येण्याची शक्यता दहात एक आहे, म्हणून पाच बरोबर आले तरच मानायचं. डावांमध्ये पाणी आणि साधा पाव, चिवडा नको.

फोर्टची हिशेबनीस
त्यातून फरक कळेल, आवड कळणार नाही. आवडीसाठी दोन्ही जग जेवणाच्या ताटाबरोबर ठेवा आणि कोणता आधी रिकामा होतो ते बघा.

धागाकर्ता (दादर)
ठीक. नाशिक-अकलूजच्या बाटल्यांसाठी माझी मर्यादा हजारावरून दोन हजारांवर नेतो, स्पार्कलिंगही त्यातच धरतो. आयात बाटलीबद्दल माझं मत बदललेलं नाही.