महाप्रसादाच्या पैशातून सुदानला मदत द्यावी का?

बोरीकाठ (अमळनेर)
परवा गणपती मंडळाच्या बैठकीत मी सुचवलं की यंदा महाप्रसादाला एकच गोड पदार्थ करू आणि वाचलेले पैसे सुदानला देऊ. निम्मी पोरं हो म्हणाली, निम्मी हसली. म्हणून इथे विचारतोय.

एप्रिल २०२३ पासून तिथे बुरहान यांचं लष्कर आणि हेमेदती यांचं आरएसएफ हे निमलष्करी दल एकमेकांच्या उरावर बसलंय. एक कोटीहून जास्त लोक घरदार सोडून पळाले. सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफुरमधल्या अल फाशर शहराला आरएसएफने मे २०२४ पासून वेढा घातला, शहराभोवती मातीचा बांध उभा केला. आत धान्य जाईना. लोक अंबाझ खाऊ लागले. अंबाझ म्हणजे शेंगदाण्याची ढेप. आपल्याकडे घाणीवरून आणून गोठ्यात टाकतो तीच. लोक ती पाण्यात भिजवून पोरांना भरवत होते, पुढे तीही मिळेनाशी झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये शहर पडलं.

दादरची भाकर (एरंडोल)
भो, दुष्काळ आम्हाला नवा नाही. ७२ साली माझी आजी खडी फोडायला जायची. मिलो ज्वारीची लाल भाकर आणि कामावरची सुकडी खाऊन दिवस काढले. कोणापुढे हात पसरला नाही.

बोरीकाठ
आप्पा, तो मिलो कुठून आला होता? अमेरिकेतून, बोटीने. आणि ७२ ला पाऊस नव्हता, पण सरकारने कामं काढली, धान्य गावात पोचू दिलं. सुदानात उलटं आहे. तिथला अल जझिरा (बातम्यांची वाहिनी नव्हे, सुदानातला भाग) म्हणजे नाईलच्या पाण्यावरचा अवाढव्य पाटबंधारा, कापूस नि ज्वारी पिकवणारा. डिसेंबर २०२३ मध्ये आरएसएफ तिथे घुसली आणि धान्य, ट्रॅक्टर, बियाणं लुटून नेलं.

सातपुडा पायथा (शहादा)
घरना पोरे उपाशी, आनि तुमले सुदान सुचस! धडगाव-अक्कलकुव्यात कुपोषण आजही आहे. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे ऊसतोडीला गुजरातेत जातात, मागे म्हातारे आणि कुलपं. विस्थापन म्हणाल तर मणिबेली सरदार सरोवरात गेलं, त्यांच्या पुनर्वसनासाठी किती वर्षं भांडावं लागलं ते विचारा. हे दोन-तीन तासांच्या अंतरावर आहे. तुम्हाला मात्र टीव्हीवरचं दुःख जवळचं वाटतं.

घाणीवाला (पारोळा)
प्रश्न रास्त आहे. पण धडगावचं नाव सुदानचा विषय निघाला तेव्हाच कसं आठवतं? डीजेची सुपारी देताना कोणी काढत नाही.

सातपुडा पायथा
मी काढतो. म्हणून मला बैठकीला बोलावत नाहीत.

केळीबाग (रावेर)
मुद्दा वेगळाच आहे. तिथे पाठवलेली रसद बंदूकवाल्यांच्याच पोटात जाणार. उलट लढाई लांबेल.

बोरीकाठ
अर्धं पटतं. दोन्ही बाजू भूक हत्यारासारखी वापरतात. लष्कराच्या सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चाडकडून येणारी आद्रेची वाट बंद केली, ऑगस्टपर्यंत उघडली नाही. त्याच ऑगस्टमध्ये अल फाशरजवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ जाहीर झाला. पण राजधानी खार्टूमच्या मोहल्ल्यांत तरुणांनी स्वतःच सामुदायिक चुली पेटवल्या आहेत. मोठ्या भांड्यात डाळ शिजते, लोक डबे घेऊन रांगेत. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत थांबवली आणि त्यातल्या कितीतरी चुली विझल्या. त्या बंदूकवाल्यांमुळे नाही, पैशाविना विझल्या.

केळीबाग
त्या चुलीपर्यंत अमळनेरचा पैसा कसा जाणार ते सांगा, मग बोलू.

जमाखर्च (जळगाव)
तेच सांगायला आलो. मंडळ ट्रस्ट म्हणून नोंदलेलं असेल तर भारताबाहेर केलेल्या खर्चावर आयकराची सूट मिळत नाही, त्यासाठी सीबीडीटीची (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची) मंजुरी लागते. ऑडिटला नसता ताप होईल. ज्याला द्यायचे त्याने स्वतःच्या खात्यातून संयुक्त राष्ट्रांच्या वर्ल्ड फूड प्रोग्रामला द्यावेत. वर्गणी लोकांनी गणपतीसाठी दिली आहे, ती तिथेच राहू द्या.

दादरची भाकर
हे बरोबर. माझ्या वर्गणीचं पुण्य तुम्ही परस्पर खर्च करू नका. माझ्या खिशातून मी देईन, आजीच्या नावाने. मिलोचं म्हणाल तर... ठीक आहे, आला होता बोटीने.

सातपुडा पायथा
मी सुदानला देणार नाही. एक गोड कमी करताच आहात तर त्या पैशाचं धान्य घ्या, धडगावला टेम्पो माझा. ट्रस्टच्या कागदातही बसेल. बोरीकाठ, तारीख कळवा.