जॉन विल्यम्स: मास्तरकीने लेखक खाल्ला का?

बांधावरचा वाचक: 'स्टोनर'कार अमेरिकन लेखक जॉन विल्यम्सच्या (१९२२-१९९४) नावावर कादंबऱ्या चारच. १९५५ ते १९८५ डेन्व्हर विद्यापीठात शिकवणं, लेखनाचा अभ्यासक्रम सांभाळणं, वर 'डेन्व्हर क्वार्टर्ली' या साहित्यिक त्रैमासिकाचं संपादन. १९७२च्या 'ऑगस्टस'नंतर बावीस वर्षं जगला, पण पाचवी अर्धीच राहिली. माझ्या मते नोकरीने त्याची दोन-तीन पुस्तकं तरी गिळली.

शुभा के: साफ असहमत. निवृत्तीनंतरची नऊ वर्षं ना तास होते, ना पेपर तपासणं. तेव्हा का नाही झाली पूर्ण? जन्मभर ओढलेल्या सिगारेटी आणि खलास झालेली फुप्फुसं, त्यांना जाब विचारा की!

आणि वर्गात उभं राहिल्याशिवाय 'स्टोनर' सुचली असती? तिचा नायक स्टोनर म्हणजे शेतकी शिकायला मिझुरी विद्यापीठात आलेला शेतकऱ्याचा पोरगा. स्लोन सर शेक्सपिअरचं ७३वं सुनीत म्हणून दाखवतात आणि विचारतात, अर्थ काय याचा? पोरगा हात जरासे वर उचलतो, 'अर्थ असा की...' म्हणतो. पुन्हा तेच म्हणतो. पुढे शब्द नाही. हे घरबसल्या रचता येत नाही हो.

बांधावरचा वाचक: मग 'बुचर्स क्रॉसिंग'? त्यात कोलोरॅडोच्या डोंगरातली बायसनची कत्तल. 'ऑगस्टस'मध्ये रोम. १९७३चं नॅशनल बुक अवॉर्ड (जॉन बार्थसोबत विभागून का असेना) मिळालं ते याच रोमला, वर्गातल्या गोष्टीला नाही.

शुभा के: रोमचा दरबार आणि विद्यापीठातला विभाग यांत फरक फक्त खंजिराचा! 'स्टोनर'मधला विभागप्रमुख लोमॅक्स आठवा. मर्जीतल्या विद्यार्थ्याला नापास केलं म्हणून स्टोनरला वर्षानुवर्षं पहिल्या वर्षाचे तास देत राहतो, तेही अडनिड्या वेळी.

तिरकस: दोघंही पगाराचं बोलत नाही. १९६५ला 'स्टोनर' आली, दोन हजार प्रतीसुद्धा खपल्या नाहीत. युरोपात ती हातोहात गेली, पण त्याच्या मरणानंतर वीसेक वर्षांनी. तोवर चूल कशावर पेटायची? शिवाय पहिली कादंबरी त्याने महायुद्धात भारत-ब्रह्मदेश आघाडीवर असताना लिहायला घेतली. तेव्हा ना वर्ग, ना बैठका. तरी चौघींत कच्ची तीच.

बांधावरचा वाचक: पगार मान्य. पण १९६५ ते ७०, पाच वर्षं 'क्वार्टर्ली'साठी दुसऱ्यांची हस्तलिखितं चाळण्यात गेली, ती धरा की हिशेबात.

शुभा के: धरली. त्यानंतर दोनच वर्षांत 'ऑगस्टस' आली. बोला आता.