१३०/१४० की १३५/१५०? दोन फुल सस्पेन्शन सायकलींतून एक निवडायची आहे (नाशिक)

मातोरीकर

नमस्कार मंडळी. यादी दोन सायकलींपर्यंत आली आणि तिथेच अडली. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा नावांवर जाते. आकडे सगळे देतो. दोन्ही २९ इंची, ॲल्युमिनियम फ्रेम, मीडियम साइज, मागे १४८ मिमी बूस्ट हब, १५० मिमी ड्रॉपर (चालवताना सीट खालीवर करता येणारा दांडा), वजन साडेपंधरा किलोच्या आसपास.

सायकल क: ट्रॅव्हल (सस्पेन्शन दबून चाक जितकं हलतं ते, मिमीमध्ये) मागे १३०, पुढे १४०. रॉकशॉक्स ३५ गोल्ड फोर्क (पुढचं सस्पेन्शन), डिलक्स सिलेक्ट आर शॉक (मागचं सस्पेन्शन; लांबी×स्ट्रोक २१०×५०, टोकाला साधी आय म्हणजे बोल्टचं भोक). हेड अँगल ६५.५, सीट अँगल ७६, रीच (पेडलच्या धुऱ्यापासून हँडलच्या नळीपर्यंतचं आडवं अंतर) ४५०, स्टॅक (तेच उभं अंतर) ६१५, सीट ट्यूब ४३०. शिमानो डिओरे १२ स्पीड, पुढे ३० दात, मागे १०-५१. ब्रेक शिमानो एमटी४२०. हँगर (मागची गिअर यंत्रणा जिथे टांगतात तो तुकडा) कंपनीचा स्वतःचा. विक्रेता नाशिकमध्येच.

सायकल ख: मागे १३५, पुढे १५०. पाइक सिलेक्ट फोर्क, डिलक्स सिलेक्ट प्लस आरटी शॉक (१८५×५० ट्रनियन). हेड ६५, सीट ७७, रीच ४६०, स्टॅक ६२८, सीट ट्यूब ४२०. स्रॅम एनएक्स ईगल, पुढे ३२, मागे ११-५०. ब्रेक गाइड टी. हँगर यूडीएच (युनिव्हर्सल डिरेल्यर हँगर). २२ हजारांनी महाग, विक्रेता पुण्याचा.

माझी उंची १७२ सेमी, पायाची आतली लांबी ७९ सेमी, हेल्मेट-पाणी-हत्यारांसकट वजन ८४ किलो. चालवणं: म्हसरूळकडची चामर लेण्यांची टेकडी, गिरणाऱ्यापुढचे मुरमाचे रस्ते, गंगापूर धरणाच्या कडेच्या वाटा, महिन्यातून एकदा अंजनेरीचा पायथा किंवा पहिने. म्हणजे त्र्यंबक रस्त्याचं डांबरही बरंच. पावसाळ्यात सायकल बंद ठेवणार नाही.

ख मला लांब पडेल का? आणि २२ हजार नेमके कशाचे?

सह्यवाट

१३० आणि १३५ हा फरक विसरून जा. सॅगमधल्या (स्वार बसल्यावर सस्पेन्शन जितकं दबतं त्यातल्या) एक-दोन मिलिमीटरच्या चुकीत तो बुडतो.

आधी लांबीचं बघू. रीचची तुलना स्टॅक सोडून कधीच करू नये. ख चा स्टॅक १३ मिमी जास्त आहे. क वर हँडल तेवढ्याच उंचीला आणायचं तर स्टेमखाली (हँडल पकडणाऱ्या तुकड्याखाली) १५ मिमी स्पेसर लागतील, आणि स्टिअरर (फोर्कची वरची नळी) मागे कललेला असल्यामुळे हँडल सुमारे ६ मिमी मागे येईल. म्हणजे क चा खरा रीच ४४४ धरा. उभं राहून चालवताना फरक १० नाही, १६ मिमी.

आता बसून. रीच अधिक (स्टॅक भागिले सीट अँगलचा टॅन) असा हिशेब करा. क: ४५० + १५३ = ६०३. ख: ४६० + १४५ = ६०५. त्र्यंबक रस्त्याने तासभर बसून जाताना दोन्ही सायकली जवळजवळ सारख्याच लांबीच्या लागतील. ख लांब वाटेल ती फक्त उतारावर पेडलवर उभं राहिल्यावर, आणि तिथे लांबी हवीच असते. १७२ सेमीला ४६० रीच अवाजवी नाही. तरी ओढ वाटली तर ५० ऐवजी ४० मिमी स्टेम लावा, विषय संपला.

ड्रॉपरही तपासून घ्या. पायाची लांबी गुणिले ०.८८३ केलं की बॉटम ब्रॅकेटपासून (पेडलच्या धुऱ्यापासून) सीटची उंची ६९८ मिमी येते. १५० मिमी ड्रॉपरला सीट ट्यूबच्या कॉलरपासून सीटखालच्या रेलपर्यंत साधारण २०० मिमी लागतात, सीटचे ४५. क वर ४३० + २०० + ४५ = ६७५, म्हणजे २३ मिमी शिल्लक. ख वर ३३. पुढे कधी १७० चा ड्रॉपर लावायचा विचार आला तर तो क वर जेमतेम बसेल, ख वर आरामात.

२२ हजारांतला मोठा भाग फोर्कमध्ये आहे. दोन्ही फोर्कचे पाय ३५ मिमीच जाड, म्हणून दुकानात दोन्ही सारखेच दिसतात. फरक आतल्या डॅम्परचा, म्हणजे तेलाने हालचाल आवरणाऱ्या भागाचा. ३५ गोल्डमध्ये मोशन कंट्रोल, पाइक सिलेक्टमध्ये चार्जर. आपल्याकडच्या उतारावर मातीपेक्षा सुटे काळे दगड जास्त, तेही पाठोपाठ. एका दगडाचा धक्का दोन्ही फोर्क पचवतील. सात-आठ दगड एका दमात आले की साधा डॅम्पर एकतर हात बडवतो, नाहीतर ब्रेक मारल्यावर नाक खाली घालतो, आणि एक सुधारायला गेलं की दुसरं बिघडतं. पाइकला लो स्पीड कॉम्प्रेशन (फोर्क सावकाश दबताना होणारा विरोध) वेगळं लावता येतं. दोन क्लिक वाढवले की ब्रेकखाली फोर्क वर राहतो आणि दगडांवर तरीही चालतो. शिवाय ३५ गोल्ड चारशे-पाचशे ग्रॅमने जड आहे. नंतर वेगळा पाइक विकत घ्यायला गेलात तर २२ हजारांत भागणार नाही. माझं मत ख.

मुरूमवाट

सह्यवाटदादांचा हिशेब बरोबर आहे, पण निष्कर्ष इतक्या लवकर काढू नये. फुल सस्पेन्शनचा खर्च विकत घेताना संपत नाही. फोर्क आणि शॉकचा प्राथमिक सर्व्हिस रॉकशॉक्स ५० तासांनी सांगते आणि डॅम्परसह पूर्ण सर्व्हिस २०० तासांनी. आठवड्याला चार तास चालवलं तर दर तीन महिन्यांनी फोर्कचे खालचे पाय उतरवून तेल आणि फोम रिंगची सफाई आलीच. ते घरी जमतं: ५ मिमी ॲलन की, प्लास्टिक हातोडी, योग्य तेल आणि नवे क्रश वॉशर. तेलाचं माप मॉडेल आणि वर्षानुसार बदलतं, ते कंपनीच्या तक्त्यातूनच घ्या. अंदाजाने ओतू नका.

ट्रनियनबद्दल इथे कोणी बोललं नाही. ट्रनियन शॉक वरच्या टोकाला दोन्ही बाजूंनी बोल्टने पकडलेला असतो आणि तिथे बहुतेक फ्रेममध्ये बेअरिंग असतात. बारीक दगडांवर मागची बाजू छान हलते. पण फ्रेम थोडीही तिरकी जुळलेली असेल तर आडवा ताण थेट शॉकच्या दांड्यावर येतो आणि सील एका बाजूने खाल्ले जातात. म्हणून पैसे देण्याआधी दुकानात हे करून घ्या: शॉकमधली हवा पूर्ण काढा, खालचा बोल्ट काढा. शॉकचं टोक हाताने सहज बाहेर यायला आणि परत बसायला हवं. बोल्ट काढताच ते बाजूला उडी मारत असेल, किंवा परत बसवताना मागचा त्रिकोण दाबून धरावा लागत असेल, तर ती फ्रेम घेऊ नका. शॉक सुटा आहे तोवर मागचं चाक वरखाली हलवा. वजनाशिवाय दुसरं काही हाताला लागता कामा नये. खरखर लागली तर बेअरिंग कोरडं आहे किंवा जास्त आवळलंय.

क चा साध्या आयचा शॉक इतका नाजूक नाही. त्याचं बुशिंग झिजतं, पण ते स्वस्त आहे. झीज ओळखायची तर बोट शॉकच्या आयवर ठेवून सीट धरा आणि मागचं चाक टेकवूनच सायकल किंचित उचला. बारीक 'टक' बोटाला कळतो.

पिव्होटच्या (मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांच्या) बेअरिंगचे नंबर दोन्ही कंपन्यांच्या आकृत्यांमधून आधीच काढून ठेवा. ६९०२ (१५×२८×७), ६८०२ (१५×२४×५), ६९०० (१०×२२×६) असे नंबर असतील तर घाबरू नका. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे नाशिकमध्ये बेअरिंगची दुकानं भरपूर आहेत, दोन्हीकडे रबर सील असलेलं मागा. मात्र फ्रेममध्ये मूळचे बहुतेक वेळा पिंजरा नसलेले, गोळ्यांनी पूर्ण भरलेले 'मॅक्स' बेअरिंग असतात. पिव्होट गोल फिरत नाही, काही अंशच हलतो, त्यामुळे भार त्याच त्याच गोळ्यांवर येतो आणि जास्त गोळ्या असलेलं बेअरिंग टिकतं. साधं बसवलं तर लवकर बदलायची तयारी ठेवा. आणि गाड्या धुण्याच्या सेंटरवरचा प्रेशरचा पाइप पिव्होटजवळ आणूच नका; पाणी सीलच्या आत जातं आणि तिथेच राहतं.

विक्रेता गावात असणं मला २२ हजारांइतकंच मोलाचं वाटतं. फ्रेमला तडा गेला तर वॉरंटीचा दावा विक्रेत्यामार्फतच जातो. महिन्यातून एकदाच दगडात जाणार असाल तर क घ्या आणि उरलेल्या पैशांतून चांगले टायर, ट्यूबलेस आणि दोन जादा हँगर घ्या.

कंदीलफूल

गिअर आणि ब्रेकबद्दल लिहिते, ते दोघांच्याही लिहिण्यात राहिलं.

क चा सर्वात हलका गिअर ३०/५१ = ०.५९. ख चा ३२/५० = ०.६४. ख चढाला जवळपास नऊ टक्के जड आहे. चामर लेण्यांच्या बाजूच्या सुट्या मुरमाच्या चढावर हे जाणवतं, कारण तिथे उभं राहिलं की मागचं चाक घसरतं, बसूनच फिरवावं लागतं. उपाय सोपा: ख ला ३० दातांची डायरेक्ट माउंट चेनरिंग (पुढची दातेरी चकती), ऑफसेट आधीच्या रिंगइतकाच. मग ०.६० मिळतो. बदल्यात डांबरावर ९० केडन्सला (मिनिटाला पेडलच्या फेऱ्या) वेग ३६ वरून ३४ किमीवर येतो. क वर तो ३७ आहे. या सायकलवर त्यासाठी रडू नये.

डिओरेची कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) मायक्रो स्प्लाइन फ्रीहबवर (चाकाच्या ज्या भागावर ती बसते त्यावर) बसते, एनएक्सची जुन्या एचजी फ्रीहबवर. अडीअडचणीला नाशिकमध्ये एचजीचं चाक उसनं मिळणं सोपं. पण गिअर बदलण्याची सफाई डिओरेची चांगली, आणि तिचा क्लच (चेन ताणून धरणारा भाग) खटका दाबून बंद करता येतो, चाक काढताना बरं पडतं. एनएक्समध्ये बी-गॅप (गिअर यंत्रणेची वरची पुली आणि सर्वात मोठी चकती यांतलं अंतर) चुकला की मोठ्या दातांवर चेन अडखळते. फुल सस्पेन्शनला तो सायकल स्टँडवर टांगून लावायचा नसतो. स्वार बसून सॅग आलेला असताना, सोबत्याकडून गेज धरून लावायचा, कारण शॉक दबला की मागचा धुरा आणि बॉटम ब्रॅकेट यांतलं अंतर बदलतं.

हँगर हा ख चा मोठा फायदा. यूडीएच २०१९ पासून अनेक कंपन्यांनी घेतला, एकच सुटा भाग शेकडो फ्रेमना चालतो. बोल्ट उलट्या आट्याचा असतो, एवढं लक्षात ठेवा. नेहमीच्या दिशेने जोर लावला तर तो सुटायऐवजी आवळतो. क घेतलीत तर हँगर त्याच दिवशी दोन घ्या, नंतर मागवताना आठवडे जातात.

ब्रेक दोन्हींचे चार पिस्टनचे. शिमानोला मिनरल ऑइल, गाइड टी ला डॉट ५.१. डॉट हवेतला ओलावा शोषतं, म्हणून पावसाळा संपल्यावर वर्षातून एकदा ब्लीड कराच, म्हणजे जुनं तेल आणि हवा काढून नवं भरा. वेळ पडली तर मोटरसायकलच्या दुकानातलं डॉट ४ चालतं. डॉट ५ कधीच नाही, ते सिलिकॉनचं वेगळं तेल आहे. आणि ही दोन तेलं एकमेकांच्या ब्रेकमध्ये गेली की सील फुगतात, अख्खा ब्रेक बाद. क च्या डिस्कवर 'रेझिन पॅड ओन्ली' कोरलंय का बघा. असेल तर सिंटर्ड (धातूचे) पॅड घालता येणार नाहीत, आणि चिखलपाण्यात रेझिन पॅड भराभर संपतात. डिस्क बदलण्याचा खर्च मग क च्या खात्यात धरा.

सायकल कोणतीही घ्या, टायर ट्यूबलेस पहिल्या दिवसापासून. बाभूळ आणि बोरीच्या काट्यांना ट्यूब टिकत नाही. २९×२.४ टायरला १०० ते १२० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव), आणि मार्च ते मे दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्हची कोर काढून आत ओलं आहे का बघा. पुढे २२, मागे २५ पीएसआयपासून सुरुवात करा. काळ्या मातीसाठी टायर आणि चेनस्टेच्या (फ्रेमच्या मागच्या चाकालगतच्या नळीच्या) मध्ये बोट जाईल इतकी जागा हवी, ही दोन्ही सायकलींवर प्रत्यक्ष मोजा.

एक विनंती: अंजनेरीला पायवाट सोडू नका. ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे, आणि सेरोपेजिया अंजनेरिका हे कंदीलपुष्प तिथल्याच पठारी गवतात उगवतं. चाकाखाली गेलं तरी कळत नाही इतकं लहान असतं.

मातोरीकर

ताई, दादा, मनापासून आभार. क च्या डिस्कवर 'रेझिन पॅड ओन्ली' आहेच, आणि तिचा हँगर विक्रेत्याकडे शिल्लक नाही. ख पुण्यात बघितली. शॉकचा खालचा बोल्ट काढून घेतला, टोक सरळ बाहेर आलं आणि हाताने परत बसलं. चेनस्टेजवळ बोट जातं. पण १८५ पीएसआयला सॅग १७ मिमी आला. दुकानदार म्हणाले ठीक आहे. ठीक आहे का?

सह्यवाट

नाही. ५० मिमी स्ट्रोकवर १७ म्हणजे ३४ टक्के. सुरुवात बरोबर केलीत, ८४ किलो म्हणजे १८५ पौंड, तेवढेच पीएसआय. पण ख वर १३५ भागिले ५० म्हणजे २.७ लेव्हरेज (शॉकच्या तुलनेत चाक किती पट हलतं), त्यामुळे थोडी हवा जास्त लागेल. लक्ष्य १४ ते १५ मिमी. सगळं सामान अंगावर, लिव्हर ओपनवर, भिंतीला हलका टेकून बसा, उसळी न मारता ओ-रिंग (शॉकच्या दांड्यावरची रबरी कडी) खाली सरकवा आणि अलगद उतरा. पाच-पाच पीएसआयने वाढवा. दर वेळी पंप काढून शॉक आठ-दहा वेळा हलका दाबा, नाहीतर आतल्या दोन कप्प्यांत हवा समान होत नाही आणि माप खोटं येतं. २०० ते २१० च्या दरम्यान कुठेतरी थांबाल.

सॅग बरोबर येऊनही चामर लेण्यांच्या उतारावर ओ-रिंग दर वेळी टोकाला जात असेल, तर हवा वाढवू नका, शॉकमध्ये एक व्हॉल्यूम स्पेसर (हवेची जागा कमी करणारा तुकडा) घाला. पहिल्या तीन राइडनंतर लिंकेजचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा. टॉर्कचा आकडा बोल्टवर किंवा आकृतीत असतो. आणि ३० ची चेनरिंग सायकल ताब्यात घेतानाच बसवून घ्या, म्हणजे चेनची लांबी एकदाच, शॉकमधली हवा काढून, मागची बाजू पूर्ण दाबून मोजून कापता येईल.

मातोरीकर

ठरलं, ख. शनिवारी शॉक पंप आणि बी-गॅपचं गेज घेऊनच पुण्याला जातो.