मदत हवी आहे: व्हॅनमध्ये अंघोळीचं पाणी गरम कसं करायचं?

कॅम्पर व्हॅनमध्ये दोघं जण, बाहेरून वीज नाही. छतावर 200 वॅटचं सोलर, आत 12 व्होल्ट 100 अँपिअर-अवरची (म्हणजे साधारण 1200 वॅट-अवर) लिथियम बॅटरी. माणशी 10 लिटर कोमट पाणी मिळालं तरी भागतं.

काळी सोलर बॅग वापरून झाली, कडक उन्हात मस्त, ढग आले की बोंब. 12 व्होल्टचा हीटिंग रॉडपण लावून बघितला, पण 10 लिटर पाणी 15 वरून 40 डिग्रीला न्यायलाच जवळपास 300 वॅट-अवर जातात, म्हणजे दोघांच्या अंघोळीत अर्धी बॅटरी गेली, वर फ्रिज आहेच. गॅस गिझर आत नकोच, कार्बन मोनॉक्साइडशी खेळ नाही करायचा.

आता विचार चाललाय इंजिनच्या कूलंटवर (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवावर) तापणारी 20 लिटरची इन्सुलेटेड टाकी बसवायचा, पुढे गरम-थंड पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह, कारण कूलंट 80-90 डिग्रीला जातं आणि तेवढं गरम पाणी थेट अंगावर घेता येणार नाही. डिझेलवर चालणारा वॉटर हीटर बजेटबाहेर आहे, तो सुचवू नका प्लीज.

ज्यांनी अशी टाकी लावलीय त्यांनी सांगा, संध्याकाळी इंजिन बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांच्या अंघोळीपुरतं पाणी खरंच गरम राहतं का, आणि गाडी दोन दिवस हललीच नाही तर तुम्ही काय करता?