बाबांचा इएफ (एका ठोक्यात हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं) ३०, तीन नसा ब्लॉक, स्टेंट टाकायचे की थांबायचं? (ठाणे) मदत हवी आहे

बाबा ६८ वर्षांचे, वागळे इस्टेटमध्ये पंप फिटर होते. आम्ही वर्तकनगरला राहतो, तिसरा मजला, लिफ्ट नाही. गणपतीपासून जिना चढताना धाप लागते, रात्री दोन उशा लागतात, पायांना सूज. छातीत कधीच दुखलं नाही, शुगर मात्र पंधरा वर्षांपासून. टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) इएफ ३० आला, मग अँजिओग्राफी केली तर एलएडी (हृदयाची पुढची मोठी नस) ९० टक्के ब्लॉक, आरसीए (उजवी नस) पूर्ण बंद, तिसरी ७० टक्के.

बाबा टेबलावर असतानाच मला बाहेर सांगितलं की दोन स्टेंट आत्ताच टाकून घेऊ, सही करा. मी नाही केली. दादा पुण्याहून फोनवर इतका ओरडला की अजून बोलत नाहीये. नौपाड्यातले दुसरे डॉक्टर म्हणतात आधी गोळ्या नीट डोसला नेऊ, तीन महिन्यांनी परत इको. तिसरे म्हणतात डायबिटीस आणि तीन नसा म्हणजे बायपासच.

मी वाचत बसले तर ब्रिटनमधला रिव्हाइव्हड नावाचा अभ्यास सापडला, २०२२ चा. इएफ ३५ किंवा त्याहून कमी असलेले ७०० पेशंट, निम्म्यांना गोळ्या आणि स्टेंट, निम्म्यांना नुसत्या गोळ्या, आणि साधारण साडेतीन वर्षांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी अ‍ॅडमिट होणं ३७ विरुद्ध ३८ टक्के, म्हणजे फरकच नाही! बाबांना सांगितलं तर म्हणाले, "चोकअप काढला की फ्लो वाढणारच, जन्मभर तेच केलं मी." यावर काय बोलू? सही न करून मी चूक केली का?

ऐरोलीकर
चूक वगैरे काही नाही ताई. माझ्या आईचा इएफ २८ होता, गोळ्यांवर वर्षभरात ४० झाला, पण प्रत्येकाचं तसंच होईल असं नाही. सुरुवातीला बीपी उतरून चक्कर यायची, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीसाठी) सारखं तपासायला लागायचं. रोज सकाळी वजन करा, दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय, लगेच डॉक्टरांना फोन. पापड-लोणचं बंद.

स्टेथोवाला
डॉक्टर आहे, पण फाइल बघितलेली नाही हे लक्षात ठेवून वाचा. तो अभ्यास स्थिर पेशंटचा होता, ताजा अ‍ॅटॅक आलेले किंवा छातीदुखीने हैराण झालेले त्यात नव्हते, त्यांचा हिशोब वेगळा. तुमच्या बाबांना सांगा, इथे नुसता पाइप चोक नाही, पंपाचाच काही भाग गेलाय. मेलेला स्नायू रक्त पोचवून परत येत नाही. झोपलेला, म्हणजे जिवंत पण नीट न हलणारा स्नायू जागा होईल अशी आशा असते, पण त्या अभ्यासात तसा स्नायू शिल्लक असलेल्यांनाही स्टेंटचा जास्त फायदा दिसला नाही.

बायपासचं वेगळं आहे. स्टिच नावाच्या अभ्यासात असेच कमी इएफचे १२१२ पेशंट होते, निम्म्यांना गोळ्या आणि बायपास, निम्म्यांना नुसत्या गोळ्या; पाच वर्षांनी मृत्यूत ठोस फरक नव्हता, दहा वर्षांनी मात्र बायपासवाल्यांत ५९ टक्के आणि गोळ्यांवाल्यांत ६६ टक्के गेले होते. म्हणजे ऑपरेशनचा धोका आज पत्करायचा आणि फायदा उशिरा. त्यामुळे किडनी कशी आहे, नसा जोडण्यालायक आहेत का, हे विचारा, आणि कार्डिओलॉजिस्ट व सर्जन दोघांनी एकत्र अँजिओग्राफीची सीडी बघावी असा आग्रह धरा. सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन, डापाग्लिफ्लोझिन या हार्ट फेल्युअरच्या चार गोळ्यांपैकी काय चालू आहे? तीन महिन्यांनीही इएफ ३५ च्या वर गेला नाही तर आयसीडीबद्दल (ठोके जीवघेणे बिघडले तर शॉक देणारं, छातीत बसवायचं यंत्र) विचारा. मध्येच छातीत दुखलं किंवा बसल्या जागी धाप लागली तर सरळ इमर्जन्सी.

धागाकर्ती
खूप आभार दोघांचे. चारपैकी दोनच चालू आहेत, हे आत्ता फाइल काढून बघितलं तेव्हा कळलं! गुरुवारी सर्जनची अपॉइंटमेंट घेतलीये, दादाही येतोय म्हणाला. वजनकाटा आणला, बाबा ६४.२. लोणच्याची बरणी शेजारच्या काकूंकडे ठेवलीये आणि आता बाबा रोज संध्याकाळी त्यांच्याकडे पेपर वाचायला जातात.